सणाचं मटण: बोकड कसा निवडावा आणि तो कुठून आला हे कसं कळावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळवड, आखाड, पोळ्याची कर, बकरी ईद, नाताळ, आणि मधूनच कुणाच्या तरी नवसाची कंदुरी. यातलं काही जवळ आलं की माझा फोन वाजायला लागतो. धाराशिवात आमच्या गल्लीत सगळे मिळून बोकड घेतात, त्याचे वाटे घालायचं काम गेली पंधरा-सोळा वर्षं माझ्याकडे आहे. वडिलांची वीसेक शेळ्यांची खांडवी होती, त्यामुळे बोकडाच्या तोंडात हात घालायला मी लहानपणीच शिकलो. दर सणाला तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारायचा?

"ताजं आहे का?" हा प्रश्न सोडून दुसरा कोणताही. त्याला आजवर कुणी "नाही" असं उत्तर दिलेलं मी ऐकलेलं नाही. विचारायचं असेल तर "कुठल्या बाजाराचं आहे?" असं विचारा. नेकनूरचा, पाचोडचा, हाळी-हंडरगुळीचा, की अमक्या गावच्या माणसाने दारात आणून दिलेला. ज्याने स्वतः बोकड पारखून घेतलाय तो दोन वाक्यांत सांगतो, वर भावात किती घासाघीस झाली तेही ऐकवतो. ज्याला माहीत नाही तो "एकदम एक नंबर माल आहे" म्हणतो. मटण बरं की वाईट हे सुरी लागायच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं: वय काय, काय खाल्लं, आजारी होता का, बाजारात किती तास उन्हात बांधला होता. मसाल्याने यातलं काही झाकत नाही. फार तर रस्सा लाल होतो.

मटण म्हणजे नेमकं कशाचं? बोकडाचं, शेळीचं की मेंढ्याचं?

पाटीवर फक्त "मटण" लिहिलेलं असतं आणि त्यात हे तिन्ही बसतं. आपल्याकडे बहुतेकांना बोकडाचं हवं असतं. म्हणूनच दुकानदार सोललेल्या बोकडाचं अंडं आणि शेपटीचा केसाळ गोंडा तसाच ठेवून टांगतात. गिऱ्हाइकाने पाहावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं, पण निम्मे लोक मोबाइलकडे बघत उभे असतात. शेळी-बोकडाची शेपूट आखूड आणि वर वळलेली, मेंढीची खाली लोंबणारी.

शेपूट काढलेली असेल तर चरबी पाहा. मेंढीच्या अंगावर कातड्याखाली पांढऱ्या चरबीचा चांगला जाड थर असतो. बोकडाची बरीचशी चरबी पोटात, गुर्द्याभोवती आणि आतड्यांवर साठते, वरून तो त्या मानाने कोरडा दिसतो. मेंढ्याचा रस्सा गार झाला की टाळूला चिकटतो, ते खाणाऱ्याला लगेच कळतं. मेंढ्याचं वाईट असतं असं मात्र मी म्हणणार नाही. बालाघाटाच्या डोंगरात धनगरांच्या कळपातल्या दख्खनी मेंढ्याचं मटण थंडीत खाऊन बघा. मेंढ्याचे पैसे देऊन मेंढ्याचं खाल्लं तर तक्रार कसली?

शेळीचं मटण म्हणजे बहुतेक वेळा दूध आटलेल्या, विणं थांबलेल्या शेळीचं. ते शिजायला वेळ घेतं आणि स्वस्त मिळायला हवं. पाट, म्हणजे न व्यालेली तरुण मादी, ही वेगळी गोष्ट. तिचं मटण कोवळं असतं. पण पाट कापणं म्हणजे पुढची खांडवी कापणं, असं वडील म्हणायचे, आणि आमच्या घरी ती कधी कापली गेली नाही.

उस्मानाबादी बोकड म्हणजे काय? काळा तो उस्मानाबादी का?

जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, शेळीचं तेच राहिलं. उस्मानाबादी ही धाराशिव, लातूर, बीड, परभणी आणि शेजारच्या सोलापूर, अहिल्यानगरच्या पट्ट्यातली मूळ जात. महाराष्ट्राच्या नोंदणी झालेल्या शेळ्या म्हणजे ही, संगमनेरी, कोकण कन्याळ आणि विदर्भातली बेरारी.

बहुतेक उस्मानाबादी जनावरं काळी असतात हे खरं. पण पांढरी, तपकिरी, ठिपक्यांचीही असतात. कान मध्यम लांबीचे आणि लोंबते. बोकडाला सहसा शिंगं असतात, शेळ्यांत जवळपास निम्म्या बोडक्या निघतात. पूर्ण वाढलेलं जनावर तीस-पस्तीस किलोच्या आसपास भरतं. एवढंच. त्यामुळे कुणी पन्नास-साठ किलोचा, हातभर लांब कानाचा देखणा बोकड दाखवून "प्युअर उस्मानाबादी" म्हणाला, तर तो शिरोही, सोजत, बीटल किंवा त्यांचा संकर असणार. तेही खाण्यालायक असतात, फक्त नाव दुसऱ्याचं लावलेलं असतं.

या जातीची ख्याती जुळ्यांसाठी. दोन करडं सर्रास, कधी तिळीही होतात. दुष्काळी भागात ती टिकली ती त्याच्यामुळे आणि बोरी-बाभळीवर पोट भरायच्या सवयीमुळे. मटणाची चव या दुसऱ्या सवयीतून येते, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

दुकानदार सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा, की काही पुरावा असतो?

कानात पिवळा बिल्ला बघा. त्यावर १२ आकडी क्रमांक असतो आणि जनावराची नोंद त्या क्रमांकावर ऑनलाइन केलेली असते. जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांची बाजारात खरेदी-विक्री करू नये असा राज्य शासनाचा आदेश आहे. गायी-म्हशींत तो बऱ्यापैकी पाळला जातो. शेळ्यांच्या बाजारात गेलात तर निम्मे कान मोकळे दिसतील, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय. तरी विचारत राहा, गिऱ्हाईक विचारायला लागलं की बिल्ले आपोआप दिसायला लागतात.

बिल्ल्यावरून लसीकरणाची नोंद कळू शकते, जातीची हमी मिळत नाही. खात्रीची जात हवी असेल तर ओळखीच्या शेळीपालकाकडे जाऊन आईच बघून या. शेळी व मेंढी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं मराठवाड्यात तुळजापूर, पडेगाव आणि मुखेडला आहेत. तिथे पैदाशीची जनावरं पाहिली की डोळा बसतो, मग बाजारात फसायचं प्रमाण कमी होतं.

खच्ची बोकड चांगला की अंडील?

सणासाठी खच्ची. वयात आलेल्या अंडील, म्हणजे खच्ची न केलेल्या, बोकडाला माजाचा उग्र दर्प असतो, तो मटणात उतरतो आणि कितीही आलं-लसूण घातलं तरी पहिल्या उकळीला घरभर होतो. आठ-नऊ महिन्यांच्या आतल्या बोकडाला हा त्रास फारसा नसतो, तिथे खच्ची नसला तरी चालतं. कंदुरीत मात्र नवस बोललेला बोकड असतो, तो असेल तसाच कापला जातो. तिथे माझा सल्ला कुणी विचारत नाही आणि मी देतही नाही.

वय कसं ओळखायचं?

बैलासारखंच, दातांवरून. खालच्या जबड्यात पुढे आठ दात असतात, वरच्या जबड्यात पुढे दातच नसतात. सगळे बारीक, दुधाचे असतील तर बोकड आदत, म्हणजे साधारण वर्षाच्या आतबाहेर. मधली जोडी पडून दोन रुंद दात आले की दोन दाती, सव्वा वर्षाच्या पुढेमागे. चार दाती म्हणजे दोन वर्षांच्या आसपास, सहा दाती तीनच्या आसपास, आणि आठही जुळले की चार वर्षं धरा. चारा आणि जातीप्रमाणे दोन-चार महिने इकडेतिकडे होतात.

रस्सा-भाकरीसाठी मी आदत ते दोन दाती यातलाच घेतो. सहा महिन्यांच्या आतलं मटण लुसलुशीत असतं खरं, पण हाडाला चव धरलेली नसते आणि अळणी रस्सा पाण्यासारखा होतो. काहींना तसंच आवडतं, आमच्या घरातही यावर दोन पक्ष आहेत.

बाजारात जिवंत बोकड घेताना काय काय बघायचं?

आधी लांबून बघा, भाव विचारू नका. निरोगी बोकड कान हलवतो, आसपास काय चाललंय ते बघतो, पुढ्यातल्या पाल्याला तोंड घालतो. कोपऱ्यात मान टाकून उभा असलेला कितीही स्वस्त असला तरी नको. मग जवळ जा. नाक वाहत नसावं, मागचा भाग पातळ शेणाने माखलेला नसावा, लेंड्या सुट्या आणि घट्ट असाव्यात. डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग पाहा. लालसर-गुलाबी असेल तर ठीक. पांढरट असेल तर बोकडाच्या पोटात जंत आहेत, रक्त आटलंय. असा बोकड वजनाला भरला तरी मटण बेचव आणि ओलं निघतं.

त्यानंतर हात पाठीवर ठेवा. कमरेपाशी कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागायला हवं. मणके मोजता आले तर बोकड खंगलेला आहे. छातीच्या हाडावरही बोटं फिरवा, तिथे थोडी गादी लागली पाहिजे.

आणि आता पोट. यात मी एकदा सपशेल फसलोय. धुळवडीच्या आदल्या दिवशी एका बाजारातून सत्तावीस किलोचा काळाभोर बोकड आणला. व्यापारी गोड बोलणारा, चहा पाजणारा. घरी आणून रात्री बांधला तर त्याने धड पाला खाल्ला नाही, नुसती पाण्याची बादली रिकामी केली आणि रात्रभर मुतत राहिला. सकाळी वजन करायची मला बुद्धी झाली तर चोवीस किलो. विकायच्या आधी मीठ आणि पीठ चारून त्याला पोटभर पाणी पाजलेलं होतं, त्या पाण्याचे पैसे मी किलोच्या भावाने मोजले होते. वाटेकऱ्यांना काय सांगायचं म्हणून फरक खिशातून भरला. तेव्हापासून डावी कूस दाबून बघतो. मोठं पोट डावीकडे असतं. नीट चरलेल्या बोकडाची कूस भरलेली पण मऊ, पिठाच्या गोळ्यासारखी लागते, पाणी पाजलेल्याची डबडबते. शक्य असेल तर आदल्या दिवशी नको, दोन दिवस आधी घ्या. बोकडाचाही प्रवासाचा शीण उतरतो, आणि त्याचा मटणावर फरक पडतो.

कापायच्या आधी बारा तास चारा बंद, पाणी मात्र चालू ठेवायचं.

बोकडाच्या वजनातून मटण किती मिळतं? वाट्याचा हिशेब कसा करायचा?

जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के, हाडासकट. मुंडी, पाय, वजडी, कलेजी वेगळी. समजा बोकड २५ किलोचा आहे, भाव ४०० रुपये किलो ठरला आणि कापायचे ५०० गेले, तर एकूण १०,५०० रुपये झाले. ४८ टक्क्यांनी मटण १२ किलो. म्हणजे किलोला ८७५ रुपये पडले, आणि मुंडी-पाय-वजडी वर. त्या दिवशीचा दुकानाचा भाव याच्याशी ताडून बघा. फरक थोडाच असेल तर वाट्याच्या भानगडीत पडू नका, दुकानातूनच आणा. वाट्याचा खरा फायदा पैशात नाही, बोकड डोळ्यासमोर असतो हा आहे.

वाटे घालताना प्रत्येक भाग वेगळा तोडून प्रत्येक ढिगात थोडा थोडा टाकायचा, मग वजन सारखं करायचं. आधी वजन करून नंतर भाग बदलायला गेलात की भांडणं होतात. कलेजीचे तुकडे माणसागणिक मोजूनच. ढीग तयार झाले की एखाद्या लहान पोराला पाठमोरं उभं करायचं आणि "हा कुणाचा?" विचारत जायचं. ते नाव घेईल त्याचा तो वाटा. या पद्धतीवर आजवर कुणी आक्षेप घेतलेला नाही.

रानात चरलेला आणि बंदिस्त गोठ्यातला, चवीत खरंच फरक असतो का?

असतो. रानातला बोकड दिवसभर चालतो, बोर, बाभूळ, हिवर, कडुलिंब असं दहा ठिकाणी तोंड मारतो, उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा वेचतो. त्याचं मटण गडद लाल, चरबी कमी, धागा जरा घट्ट आणि चव खोल असते. शिजायला वेळ लागतो. बंदिस्त बोकड कडबाकुट्टी, तुरीचं-सोयाबीनचं भुसकट, मका आणि पेंड खातो. मटण फिकट, मऊ, चरबी जास्त.

अळणी, काळा रस्सा, येसर (भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ) लावून केलेलं कालवण, यांना रानातला. सुकं, बिर्याणी, भाजायचे चॉप यांना बंदिस्त. पण रानातला म्हणून विकला जाणारा प्रत्येक बोकड रानात गेलेला नसतो. खूर बघा. दगडधोंड्यात हिंडणाऱ्याचे खूर झिजून आखूड असतात, गोठ्यातल्याचे वाढून पुढे वळलेले. माझ्या वडिलांची सर्वांत आवडती युक्ती हीच होती, कारण खुराबद्दल व्यापारी कधी खोटं तयार करून ठेवत नाही.

औषधं दिलेल्या बोकडाचं काय?

आजारी पडला तर औषध द्यावंच लागतं, जंताचं औषध तर दिलंच पाहिजे. प्रश्न दिवसांचा आहे. औषधाच्या वेष्टनावर मांसासाठी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. काही प्रतिजैविकांना तीन-चार आठवडेही असतात. शेळीपालकाला थेट विचारा: "शेवटचं इंजेक्शन कधी दिलं?" ज्याच्याकडे वही आहे तो वही दाखवतो. वही ठेवणारा शेळीपालक सापडला तर त्याला सोडू नका, भाव दोन पैसे जास्त लावला तरी.

कलेजी आणि बाकीचं आतलं कसं तपासायचं?

कलेजी हा बोकडाचा आरोग्य दाखला समजा. गुळगुळीत, तजेलदार, तांबूस तपकिरी आणि कडा धारदार असल्या पाहिजेत. वर पांढरे कठीण ठिपके, चिरल्यावर नळ्यांत पानासारखे चपटे किडे, किंवा पाण्याने भरलेले फुगे दिसले तर ती घेऊ नका.

ते पाण्याचे फुगे कुत्र्याला तर अजिबात घालू नका. हे मी वाटे घालताना दर वेळी ओरडून सांगतो. त्यात एका पट्टकृमीची पिल्लं असतात. कुत्र्याने खाल्ली की ती त्याच्या आतड्यात मोठी होतात, अंडी विष्ठेतून रानात पडतात, तिथून परत शेळ्यांच्या पोटात जातात, आणि अंगणात खेळणाऱ्या लेकरांच्याही. माणसाच्या यकृतात-फुप्फुसात असेच फुगे धरतात आणि ऑपरेशनपर्यंत पाळी येते. खोल खड्डा काढून पुरा किंवा जाळा.

कापल्या कापल्या शिजवायचं की थांबायचं?

जनावर कापल्यावर काही तासांत मांस ताठरतं. त्या मधल्या वेळात शिजवलं तर चामड्यासारखं लागतं, कुकरच्या दहा शिट्ट्यांनीही फरक पडत नाही आणि दोष बिचाऱ्या बोकडाच्या वयाला जातो. त्यामुळे दोनच रस्ते. गावाकडे करतात तसं कापलं की तासा-दीड तासात चुलीवर चढवायचं, किंवा झाकून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचं. ताठरपणा उतरतो, मटण आपोआप मऊ पडतं. गरम मटण लगेच फ्रीझरमध्ये कोंबू नका. एकदम गार झालेले स्नायू आखडतात आणि तो कडकपणा पुढे सुटत नाही.

कोणता भाग कशासाठी मागायचा?

"मिक्स द्या" म्हणालात तर दुकानदाराला जे संपवायचंय ते मिळेल. रश्श्याला गर्दन, सीना (छाती) आणि नळी मागा. यांत हाड आणि चिवट पडदे भरपूर, मंद आचेवर ते विरघळतात आणि रश्श्याला अंग येतं. सुक्याला दस्ताचे (पुढच्या पायाचे) पीस, खिम्याला मांडी, तव्यावर परतायला चॉप. खिमा तयार घेऊ नका, पीस पसंत करून समोर करून घ्या. संभाजीनगरच्या नान खलियासारखं काही करायचं असेल तर मांडी आणि सीना निम्मे-निम्मे.

दुकान चांगलं आहे हे कसं ओळखायचं?

भिंतीवर अन्न सुरक्षा परवाना लावलेला असावा, त्याचा क्रमांक १४ आकडी असतो. शहरात नगरपालिकेच्या कत्तलखान्यात तपासलेल्या मटणावर शाईचा शिक्का असतो. कत्तलखान्यांच्या २००१ च्या नियमांप्रमाणे गाभण, तीन महिन्यांच्या आतलं, किंवा पशुवैद्यकाने योग्य न ठरवलेलं जनावर तिथे कापता येत नाही. गाभणचा नियम मोडलेला मी एकदा पाहिलाय, पुन्हा त्या दुकानाची पायरी चढलो नाही.

कागद बाजूला ठेवा आणि लाकडी ठोकळा बघा. दुपारी बारा वाजता ठोकळा खरवडलेला, माशा कमी, मटणावर ओला पांढरा कपडा, आणि मालक तुमच्यासमोर हात धुतोय, एवढं असलं तरी मला पुरे.

बकरी ईदच्या बोकडासाठी वेगळे नियम आहेत का?

कुर्बानीचा बोकड वर्षाचा पूर्ण झालेला लागतो, म्हणून तिथे दोन दाती बघून घेतात. आंधळा, लंगडा, अगदी खंगलेला किंवा कान बराचसा कापला गेलेला चालत नाही. आमच्या शेजारचे चाचा महिनाभर आधीच आणून दारात बांधतात, पोरं त्याला नाव ठेवतात आणि ईदेच्या दिवशी रडतात. बारकाव्यांसाठी आपल्या मौलानांना विचारा. खरेदीसाठी मात्र वरचं सगळं तसंच्या तसं लागू आहे, फक्त शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, भाव ऐकवत नाहीत.

नाताळासाठी हॅम आणायचा आहे. मटणाची पारख तिथे चालते का?

हा प्रश्न जालन्याच्या एका ख्रिस्ती मित्रामुळे यादीत आला. त्यांच्या घरी नाताळाला मटणच शिजतं, पण सुनेला एकदा हॅम करून पाहायचा होता.

हॅम म्हणजे डुकराची मागची मांडी, मिठात मुरवलेली, कधी धुरी दिलेली. गुलाबी रंग येतो तो नायट्राइटमुळे. पाकिटावर ते आयएनएस २५० असं लिहिलेलं सापडेल. पारखायची पद्धत आपलीच: कुठला, काय खाल्लेला, आणि पाणी किती पाजलेलं. शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. स्वस्त हॅममध्ये सुईने खारं पाणी टोचून वजन वाढवतात. अमेरिकेत तर प्रथिनांच्या प्रमाणावरून नावंच ठरवून दिलीत: चरबी वगळता २०.५ टक्के प्रथिन असेल तरच नुसतं "हॅम", १८.५ ला "नैसर्गिक रसासह", १७ ला "पाणी घातलेला". आपल्याकडे पाकिटावरची घटकांची यादी वाचा. जास्त वजनाचा घटक आधी लिहायचा असतो, म्हणून मांसाच्या पाठोपाठ पाणी आणि स्टार्च आले तर समजा मीठ चारलेला बोकडच समोर आहे. तपकिरी त्रिकोणाची मांसाहारी खूण, १४ आकडी क्रमांक, आणि परदेशी माल असेल तर देशाचं आणि आयातदाराचं नाव बघा.

स्पेनने या बाबतीत कमाल केली आहे. तिथल्या इबेरिको डुकराच्या मांडीला २०१४ पासून चार रंगांचे बिल्ले लावतात. काळा बिल्ला म्हणजे शंभर टक्के त्या जातीचं आणि ओकच्या झाडाखाली पडलेली फळं खाऊन वाढलेलं. लाल म्हणजे फळं खाल्लेलं पण संकरित. हिरवा म्हणजे मोकळ्या रानात फिरलेलं पण दाणाही खाल्लेलं, आणि पांढरा म्हणजे गोठ्यातलं. हे वाचलं तेव्हा मला आमची बाभळीच्या शेंगा खाणारी खांडवी आठवली. जात आणि चारा या दोनच गोष्टी त्यांनी बिल्ल्यावर आणल्यात. उस्मानाबादीसाठी असं कुणी केलं तर माझ्यासारख्यांना फोन कशाला येतील? इटलीतल्या पार्माच्या हॅमवर मुकुटाचा छाप असतो आणि मुरवायला मिठाशिवाय काही वापरत नाहीत.

मराठवाड्यात हे सहसा मिळत नाही. पुण्या-मुंबईहून आलेला शिजवलेला, कापलेला हॅम मिळतो. येताना तो बर्फात आला का, हे विचारा. "शिजवलेला" लिहिलं असेल तर फक्त गरम करायचा. कच्चा असेल तर आतून ६३ अंश सेल्सियसपर्यंत शिजवून तीन मिनिटं तसाच ठेवायचा. मोकाट फिरणाऱ्या डुकराची मांडी घरी आणून हॅम करायचा विचार असेल तर सोडून द्या. उकिरड्यावर चरणाऱ्या डुकरांत पट्टकृमी असतात आणि कमी शिजलेल्या मांसातून ते माणसात येतात.

मटण किती वेळ टिकतं?

चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो. तेव्हा कच्चं मटण बाहेर एक तासाच्या वर नको, दुकान लांब असेल तर बर्फाची पिशवी घेऊन जा. फ्रिजमध्ये पीस दोन-तीन दिवस, खिमा आणि कलेजी दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रीझरमध्ये महिने टिकतं, पण एका वेळच्या स्वयंपाकापुरत्या पिशव्या करून ठेवा. एकदा वितळलेलं कच्चं मटण परत गोठवू नका. रस्सा उरला तर भांडं गार होऊ द्या आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. "रात्रभर चुलीवर मुरलेला रस्सा" हे थंडीतल्या जुन्या वाड्यात ठीक होतं.

तुम्ही आमच्यासाठी बोकड आणून द्याल का?

नाही. सोबत येईन. पहाटे पाचला निघावं लागेल, गाडी तुमची, चहा तुमचा. पण दात तुम्ही बघायचे आणि कूसही तुम्हीच दाबायची. मी मागे उभा राहीन.